बेतलेली चोळी आणि विकतचे माप

मराठीत वस्त्र शिवण्याआधी ते बेतावे लागते. बेतणे या क्रियापदात कात्री आहे तशी आखणीही आहे. म्हणूनच मनात आखलेल्या गोष्टीला आपण बेत म्हणतो, आणि जे प्रमाणाबाहेर जात नाही त्याला बेताचे. सदरा बेततात, अंगरखा बेततात. परंतु या क्रियापदाची खरी कसोटी लागते ती चोळी बेतताना. कापड सपाट असते आणि अंग सपाट नसते. छातीला आधार द्यावा, हात उचलता यावा, श्वास कोंडू नये आणि तरीही वस्त्र अंगावरून सरकू नये, एवढ्या अटी कापडाच्या एका लहानशा तुकड्याने पाळायच्या असतात. शिवणकाम ज्यांनी थोडेफार केले आहे त्यांना हे काम किती अवघड आहे ते सांगायला नको.

आज हे काम बहुतेक घरांतून नाहीसे झाले आहे. छातीला आधार देणारे वस्त्र दुकानातून येते, त्यावर एक आकडा आणि एक अक्षर छापलेले असते, आणि ते आकडा-अक्षर हेच आपल्या अंगाचे माप असे आपण धरून चालतो. ब्रेसियरचा इतिहास लिहिणारे तो सहसा पॅरिस-न्यूयॉर्कच्या वाटेने सांगतात. त्यात काचोळी किंवा घरी शिवलेली 'बॉडी' यांना जागा नसते. मराठी स्त्रीच्या बाबतीत ही वाट पुरेशी नाही. तिच्याकडे आधी चोळी होती. ती चोळी कशी बेतली जाई, तिच्यातून आतली बॉडी वेगळी कशी झाली, आणि माप नावाची गोष्ट घरातून निघून कारखान्यात कशी गेली, याचा मागोवा घेण्याचा आमचा येथे प्रयत्न आहे.

१

छाती झाकणाऱ्या शिवलेल्या वस्त्रासाठी संस्कृतात कंचुक, कूर्पासक, चोल असे शब्द आहेत, आणि न शिवता नुसत्या बांधलेल्या पट्ट्यासाठी स्तनांशुक, स्तनपट्ट हे शब्द आहेत. अमरकोशात चोल आणि कूर्पासक एकमेकांचे पर्याय म्हणून येतात. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत दोन्ही प्रकारच्या स्त्रिया एकाच भिंतीवर दिसतात: काहींची छाती उघडी, काहींच्या अंगात आखूड बाह्यांची घट्ट चोळी. मोतीचंद्र आणि गो. स. घुर्ये या दोघांनीही १९५०च्या सुमारास भारतीय वेशभूषेवर जे विस्तृत लेखन केले, त्यात या साधनांची छाननी आहे. त्यावरून एवढे दिसते की शिवलेली चोळी बाहेरून अचानक आलेली नाही, आणि ती सर्वांच्या अंगावर सर्वकाळ होती असेही नाही. कोण झाकते आणि कोण झाकत नाही हे प्रदेश, जात, वय आणि काम यांवर ठरत असे.

वाङ्मयात चोळी विपुल आहे. शाहिरांच्या लावण्यांत ती ठायी ठायी येते. पण तेथे ती पाहणाऱ्याच्या डोळ्यांनी येते. तंग आहे, रंगाची आहे, गाठ सुटली आहे, एवढेच तेथे कळते. ती कोणी शिवली, किती कापड लागले, मुंढ्यात काचली की नाही, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. जात्यावरच्या ओव्या याला काहीसा अपवाद आहेत. गी पॉइटेव्हिन आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने संकलित झालेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांत चोळी भावाकडून येते, बाजारातून येते, शिंप्याकडे जाते. देणे-घेणे तेथे आहे. बेतणे मात्र तेथेही फारसे नाही, कारण ते ज्या हातांनी होत असे त्यांना ते सांगण्याजोगे वाटले नसावे.

म्हणून वस्त्राकडेच वळावे लागते. महाराष्ट्रात चोळीच्या कापडाला खण म्हणतात, आणि खण म्हणजे मुळात एका चोळीपुरता तुकडा. वस्त्राचे नाव आणि त्याचे परिमाण येथे एकच झाले आहे. महाराष्ट्रातील स्त्रियांनी पिढ्यान् पिढ्या वापरलेला खण मोठ्या प्रमाणावर येत असे तो गुळेदगुड्ड येथून. हे गाव आज कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात आहे; १९५६ पर्यंत ते मुंबई राज्याच्या विजापूर जिल्ह्यात होते. खणाचा पन्हा लहान, लांबी वाराहून कमी, आणि दोन्ही कडांना काठ. काठ बाहीच्या टोकाला आणि चोळीच्या खालच्या कडेला यावेत अशा बेताने तुकडे काढायचे, आणि कापड वाया जाऊ द्यायचे नाही. उरलेले लहान तुकडे बगलेत बसवीत. बगलेतील हा तुकडा दिसत नाही, पण त्याच्यावाचून दळताना, पाणी शेंदताना, भात लावताना हात वर गेला की चोळी फाटते. छातीची गोलाई वेगळे तुकडे जोडून किंवा खालच्या बाजूस चुण्या व टक घेऊन साधली जाई. पाठ पूर्ण झाकलेली असे, आणि पुढे गुंडी नसे. दोन पदरांची गाठ छातीच्या खाली मध्यभागी बसे.

या गाठीकडे थोडे लक्ष द्यायला हवे, कारण चोळीचा सारा आधार तिच्यात आहे. गाठ घट्ट-सैल करता येते. महिन्याच्या ठरावीक दिवसांत छाती जड होते, गरोदरपणात वाढते, अंगावर पाजण्याच्या काळात दिवसातून अनेकदा बदलते. आणि प्रत्येक वेळी नवे वस्त्र लागत नाही, गाठ पुरते. पाजताना ती सोडता येते. म्हातारपणी अंग उतरले की तीच गाठ अधिक ओढून बांधता येते. एका वस्त्रात इतकी सवड ठेवणे ही फार मोठी गोष्ट होती.

गाठ अपुरी पडेल अशा प्रसंगी समाजाने नवी चोळी देण्याची चालच घालून ठेवली होती. गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत, बातमी सर्वतोमुखी होण्याआधी, स्त्रीला हिरवी चोळी देतात. तिला चोरचोळी म्हणतात. पुढे जाहीर डोहाळेजेवणे होतात, पण चोरचोळी आधी. या चालीचा अर्थ शुभाशुभाच्या भाषेत सांगितला जातो, आणि तो तसा आहेही. मात्र जुनी चोळी तंग होऊ लागण्याचा काळही हाच असतो, हे ही चाल घालणाऱ्या बायांना माहीत नव्हते असे मानण्याचे कारण नाही. साडीचोळी, चोळीबांगडी, खणानारळाची ओटी ही शब्दांची जोडकामे याच व्यवहारातून आली. देवीला किंवा राजघराण्यातील स्त्रीला 'चोळीबांगडीसाठी' जमीन वा गाव लावून देत. तिच्या खाजगी खर्चाला हे नाव मिळाले, कारण तिच्या स्वतःच्या मानल्या गेलेल्या वस्तू बहुधा याच दोन होत्या.

चोळी घरी शिवत आणि शिंपीही शिवत. गावगाड्यात शिंप्याचे स्थान होते, आणि सगळ्या चोळ्या बायकांनी माजघरात बसून शिवल्या असे चित्र रंगविणे खोटे होईल. पण शिंप्याकडे माप जात असे ते मापाची चोळी म्हणून. जुनी, अंगावर नीट बसलेली चोळी नव्या खणाबरोबर पाठवायची, आणि तोंडी निरोप द्यायचा: बाही बोटभर लांब, मुंढा थोडा सैल. शिंपी त्या स्त्रीला पाहत नसे, तिच्या अंगाला टेप लावीत नसे. आजही ब्लाउज शिवायला टाकताना मापाचा ब्लाउज देण्याची रीत टिकून आहे. माप अशा रीतीने आकड्यात उतरत नव्हते. ते वस्त्रातच राहत होते, आणि ते वस्त्र त्या स्त्रीच्या मालकीचे होते.

२

येथे थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख जुन्या काळाची आरती होऊन बसेल. चोळी बेतण्याचा अधिकार सर्वांना नव्हता.

महाराष्ट्रातील ब्राह्मण घरांत नवरा मेल्यावर केशवपन झालेल्या स्त्रीने आलवण नेसायचे, आणि चोळी घालायची नाही, अशी रूढी होती. डोक्यावरचे केस गेले याची चर्चा सुधारकांनी खूप केली. ती योग्यच होती. अंगातली चोळी गेली याची चर्चा त्या मानाने कमी झाली. दहा-बारा वर्षांच्या मुलीला विधवा करून, तिचे अंग वाढत असताना तिला त्या अंगाला आधार देणारे वस्त्र नाकारायचे, आणि आयुष्यभर पदर सावरीत स्वयंपाकघरात राबवायचे, ही शिक्षा शारीरिक होती. वेदना हा शब्द येथे अलंकार म्हणून वापरण्याची गरज नाही.

दक्षिणेत त्रावणकोर संस्थानात हाच प्रश्न जातीच्या रूपाने उभा राहिला. नाडर स्त्रियांनी वरचे अंग झाकू नये असा तेथील दंडक होता. १८१०नंतरच्या दशकात कर्नल मन्रो रेसिडेंट असताना ख्रिस्ती झालेल्या नाडर स्त्रियांना कुप्पायम नावाचे सैल जाकीट घालण्याची मुभा मिळाली. उच्चवर्णीय स्त्रिया घेत तसे उपरणे मात्र त्यांना मना होते. मिशनऱ्यांच्या बायकांनी ते जाकीट शिवून घेतले, शिवायला शिकवले. त्यावरून दंगे झाले, बाजारात बायकांचे कपडे फाडले गेले, आणि अखेर मद्रासचा गव्हर्नर ट्रेव्हेल्यन याच्या दडपणाखाली २६ जुलै १८५९ रोजी महाराजांनी जाहीरनामा काढला. त्यानेही अंग झाकण्यास परवानगी दिली ती 'उच्च जातीच्या स्त्रियांसारखे नव्हे' या अटीवर. सुईदोऱ्याने शिवलेले एक ओबडधोबड जाकीट, आणि त्यासाठी जवळजवळ अर्धशतकाचा झगडा. वस्त्र कोणते, कोणाच्या मापाचे, हे ठरविण्याचा अधिकार किती महाग असू शकतो याचा याहून स्पष्ट दाखला शोधावा लागणार नाही.

तेव्हा चोळी बेतणे हे घरगुती कसब होते, आणि त्याचबरोबर ते एक स्थानही होते: सुवासिनीचे, जातीचे, ऐपतीचे. हे विसरून केवळ कसबाची स्तुती करणे आम्हांला मान्य नाही.

३

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन-तीन गोष्टी एकाच सुमारास घडल्या. १८७०च्या दशकात सिंगर कंपनीची शिवणयंत्रे हिंदुस्थानात येऊ लागली. मुलींच्या शाळांत शिवण हा विषय आला. १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढले, १८९६ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झाले. अशा संस्थांमधून शिवण शिकलेल्या स्त्रियांत विधवाही होत्या. ज्यांना चोळी नाकारली होती त्यांच्याच हाती सुई आणि पुढे यंत्र आले, आणि त्यांतल्या काहींचे पोट त्यावर चालले. या घटनेचे मोल आपल्या सुधारणेच्या इतिहासात पुरेसे जोखले गेलेले नाही असे आम्हांला वाटते.

याच काळात चोळीचे रूप बदलू लागले. १८६४ मध्ये सत्येंद्रनाथ ठाकूर यांच्याबरोबर मुंबईस आलेल्या ज्ञानदानंदिनी देवींनी पारशी स्त्रियांची साडी नेसण्याची पद्धत पाहिली आणि तिच्याखाली शिवलेले जाकीट, शेमीज घालण्याची रीत बंगालात नेली. महाराष्ट्रात पोलके, जाकीट, पुढे झंपर आणि ब्लाउज असा क्रम लागला. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला. त्याच्या तसबिरींतील लक्ष्मी-सरस्वती चोळी घालून घराघरांत आल्या, आणि देवीने चोळी घालणे हे स्वाभाविक ठरून गेले.

पोलके आणि ब्लाउज यांनी गाठ घालवली. त्यांना गुंड्या आल्या, हुक आले. गुंडी लावायची तर दोन कडा एकमेकींवर यायला हव्यात, आणि एकदा शिवले की माप ठरून गेले. आज सैल, उद्या घट्ट ही सोय संपली. त्यातच गिरणीचे पातळ कापड स्वस्त झाले. वॉइलचा ब्लाउज खणाच्या चोळीसारखा भार पेलत नाही, आणि त्यातून आतले दिसते. म्हणून आत आणखी एक वस्त्र लागू लागले. चोळी जे काम एकटीने करीत होती ते असे दोन कपड्यांत विभागले गेले: बाहेर दिसण्यासाठी ब्लाउज, आत आधारासाठी बॉडी. बाहेरचे वस्त्र हौसेचे झाले आणि आतले लपविण्याचे. चोळी दोरीवर उघड वाळत असे. बॉडी साडीच्या घडीखाली वाळू लागली. ही लाज जुनी परंपरा म्हणून सांगितली जाते. आमच्या मते ती या विभागणीएवढीच जुनी आहे.

४

पश्चिमेत वाट वेगळी होती. तेथे चोळी नव्हती, कॉर्सेट होते: हाडांच्या काड्या घातलेला, कमरेपासून छातीपर्यंत आवळणारा साचा. पॅरिसमध्ये एर्मिनी कादोल यांनी १८८९च्या जागतिक प्रदर्शनाच्या सुमारास कॉर्सेटचे दोन भाग केले. वरचा भाग खांद्यावरच्या पट्ट्यांनी टांगला. १९०७ मध्ये अमेरिकन 'वोग'मध्ये ब्रेसियर हा शब्द आला. मेरी फेल्प्स जेकब या तरुणीची गोष्ट तर सर्वश्रुत आहे. नाचाला जाताना तलम पोशाखाखालून कॉर्सेटच्या काड्या दिसू लागल्या, म्हणून तिने मोलकरणीच्या मदतीने दोन रेशमी हातरुमाल आणि फीत घेऊन घरच्या घरी एक आधार शिवला. ३ नोव्हेंबर १९१४ रोजी तिला त्याचे पेटंट मिळाले, आणि पुढे ते वॉर्नर कंपनीने १५०० डॉलर्सना विकत घेतले. या कथेत मोलकरणीचे नाव कोणी सांगत नाही. सुई तिच्याही हातात होती.

जेकबच्या वस्त्राला कटोऱ्या नव्हत्या. ते छाती सपाट करणारेच होते. कटोरीचा विचार १९२२च्या सुमारास न्यूयॉर्कमधील एका कपड्यांच्या दुकानात झाला. एनिड बिसेट, आयडा रोझेंथल आणि तिचा नवरा विल्यम यांनी आपण शिवलेले पोशाख अंगावर नीट बसावेत म्हणून त्यांत आतून दोन कटोऱ्या बसवल्या. गिऱ्हाइकांना त्या कटोऱ्या पोशाखापेक्षा अधिक पसंत पडल्या, आणि त्यातून मेडनफॉर्म ही कंपनी उभी राहिली. आयडा मूळची शिवणकाम करणारी बाई. अंगावर घालून पाहायचे, खूण करायची, उसवायचे, पुन्हा शिवायचे, या तिच्या पद्धतीत आणि आपल्याकडील मापाच्या चोळीत फार अंतर नव्हते.

अंतर पडले ते दहा वर्षांनी. १९३२ मध्ये एस. एच. कँप अँड कंपनीने स्तनांच्या आकाराला आणि उताराला ए, बी, सी, डी अशी अक्षरे लावली. १९३७ मध्ये वॉर्नरने ती ब्रेसियरच्या कटोऱ्यांना लावली. बरगड्यांभोवतीचे माप इंचांत आणि कटोरी अक्षरात, ही जोडी तेव्हापासून जगभर पसरली. कारखान्याला हे हवेच होते. हजारो नग शिवायचे तर अंगाचे काही ठरावीक प्रकार कल्पावे लागतात. पण या मापाच्या पोटात एक गुंता आहे. अक्षर स्वतंत्रपणे काहीच सांगत नाही. बरगड्यांचे माप आणि भरलेल्या छातीचे माप यांतील फरकावर ते ठरते, म्हणून ३४ बी आणि ३२ सी यांच्या कटोऱ्या जवळजवळ सारख्याच मोठ्या असतात. त्यातच बरगड्यांच्या मापात चार-पाच इंच मिळवून आकडा काढण्याची एक जुनी रीत आहे. त्या रीतीने तीस इंचांची बाई चौतीसची होते, पट्टी सैल पडते, आणि सगळा भार खांद्यांवर जातो. खांद्यावर काचण्याचे वळ घेऊन फिरणाऱ्या कितीतरी स्त्रिया आपले अंगच सदोष आहे असे समजतात. चूक बेरजेत असते.

५

मराठी घरांत विसाव्या शतकाच्या मध्यावर बॉडी शिवली जाई ती मांजरपाटाची, पॉपलिनची, किंवा जुन्या मऊ धोतराची. कलकत्त्याच्या जय इंजिनियरिंगची उषा यंत्रे १९३०च्या दशकापासून निघू लागली होती, आणि पुढे मध्यमवर्गीय घरात यंत्र असणे ही मोठी गोष्ट राहिली नाही. या शिवण्याची रीत नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

अंगावर नीट बसलेली जुनी बॉडी असेल तर ती उसवायची, तुकडे वर्तमानपत्रावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवायची, आणि शिवणीपुरते अंतर सोडून कागद कापायचा. जुनी नसेल तर चार मापे घ्यायची: छातीखाली बरगड्यांवरून, छातीच्या सर्वांत भरलेल्या भागावरून, खांद्यापासून स्तनाग्रापर्यंत, आणि दोन स्तनाग्रांमधील अंतर. कटोरी दोन तुकड्यांची. दोन्हींच्या जोडाच्या कडा बाहेर वळलेल्या. त्या एकमेकींना शिवल्या की सपाट कापडाला गोलाई येते. वळण जास्त तर खोली जास्त. कटोरीचे कापड उरेब कापले तर ते अंगाप्रमाणे थोडे वळते. खालची पट्टी मात्र सरळ धाग्यात हवी, कारण भार तिने पेलायचा असतो, आणि ती ताणली गेली की सगळेच खाली येते. आधी जुन्या कापडावर कच्चा दोरा घालून अंगावर चढवायचे. कटोरीला सुरकुत्या पडल्या तर कापड जास्त झाले. वरून किंवा बगलेतून मांस बाहेर आले तर कमी पडले. मधला भाग छातीच्या हाडाला टेकला नाही तर कटोऱ्या उथळ आहेत. पाठीमागची पट्टी वर चढली तर ती सैल आहे. उजवी-डावी बाजू सारखी नसते, बहुतेकींची नसतेच. तेव्हा एका कटोरीचा टक थोडा कमी घ्यायचा.

शेवटचे वाक्य कारखान्याला म्हणता येत नाही. त्याच्या लेखी दोन्ही कटोऱ्या सारख्याच असाव्या लागतात.

हे एकटीला जमणारे काम नव्हते. पाठीमागे टाचणी लावायला दुसरी बाई लागे: बहीण, जाऊ, शेजारीण. दुपारच्या वेळी, दार लोटून, कोणी कोणाच्या अंगावर कापड धरून पाहत असे. त्या वेळी जे बोलणे होई त्यात गाठ लागते का, दूध नीट येते का, एका बाजूला दुखते का, हेही असे. आपल्या अंगाची माहिती आपल्या भाषेत मिळण्याची ती एक जागा होती. ती जागा नेहमीच मायेची असेल असे नाही. टोमणे, तुलना आणि सासुरवासही तेथे असणारच. वयात आलेल्या मुलीला आईपुढे उभे राहून माप देणे किती अवघड वाटे, हे अनेकींना ठाऊक आहे. तयार ब्रेसियरने त्या मुलीची सुटका केली, हे कबूल केले पाहिजे. दुकानात जावे, आकडा सांगावा, कागदी पिशवीत वस्तू घेऊन यावे. कोणाला काही सांगावे लागत नाही. नोकरी करणाऱ्या स्त्रीजवळ कटोऱ्यांचे कागद कापायला वेळ नव्हता. रबरी इलॅस्टिकने गाठीची थोडी सवडही परत आणली. मांजरपाटाची बॉडी घामाने ओली होऊन काचते. तिच्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही.

पण सोडवणुकीबरोबर एक ज्ञानही गेले. दुकानातला विक्रेता बहुधा पुरुष असे, घालून पाहण्याची सोय नसे, आणि माप अंदाजाने सांगितले जाई. घरात शिवणारी गेली आणि तिच्या जागी माप जाणणारे कोणी आले नाही.

६

या इतिहासाचा आज काय उपयोग, असा प्रश्न विचारता येईल. त्याचे उत्तर आम्हांला त्या स्त्रियांकडे पाहून सुचते ज्यांच्यासाठी कोणत्याही दुकानात माप नाही. कर्करोगामुळे एक स्तन काढावा लागलेल्या स्त्रिया आज आपल्या प्रत्येकाच्या परिचयात आहेत. शस्त्रक्रियेनंतर एक बाजू रिकामी आणि दुसरी भरलेली असते. भाराचा तोल जातो, खांदा एका बाजूला झुकू लागतो, पाठ दुखते. सिलिकोनचा कृत्रिम स्तन मिळतो, पण तो महाग असतो आणि उन्हाळ्यात तापतो. मग अनेकजणी रिकाम्या कटोरीत हातरुमाल कोंबतात, कापूस भरतात. तो वर सरकतो, आणि चारचौघांत पदर सारखा करीत बसावे लागते.

येथे जुने बेतणे पुन्हा कामाला येते. कटोरीच्या आत मऊ सुती कापडाचा खिसा शिवायचा. दुसऱ्या बाजूच्या कटोरीच्या कागदावरूनच एक पिशवी बेतायची. तिच्यात कापूस किंवा तंतू भरायचे, आणि तोल साधण्यासाठी तळाशी बाजरी किंवा मोहरी यांसारखे धान्य वेगळ्या पुरचुंडीत घालायचे, म्हणजे धुताना ते काढता येते. व्रण ज्या बाजूला आहे तेथे शिवण येऊ द्यायची नाही. पट्टी थोडी रुंद ठेवायची. सुती धाग्याने विणलेले हलके कृत्रिम स्तन करून गरजू स्त्रियांना विनामूल्य देण्याचे काम आज जगात अनेक ठिकाणी, आपल्याकडेही, स्त्रियांचे गट करीत आहेत. ही कोणतीही गोष्ट नवी नाही. मुंढा बोटभर सैल ठेव, एका कटोरीचा टक कमी घे, हे सांगणाऱ्या बाईचेच हे काम आहे.

चोळी परत आणावी असे आमचे म्हणणे नाही. ज्या समाजाने ती बेतली त्यानेच ती विधवेच्या अंगातून काढून घेतली, हे आम्ही वर नमूद केले आहे. आमचे म्हणणे इतकेच की माप ही वस्तू मुळात त्या स्त्रीची होती. तिच्या जुन्या चोळीत, तिच्या गाठीत, तिच्या शेजारणीच्या हातातल्या टाचणीत ती होती. ती कारखान्याकडे सोपवताना आपण सोय घेतली, ते योग्यच झाले. परंतु विकतचे वस्त्र जेव्हा काचते तेव्हा दोष अंगाचा नसून मापाचा असू शकतो, एवढी आठवण तरी आपल्याजवळ राहावी. शिवण उसवता येते, आणि पुन्हा घालता येते. आपल्या आज्यांना ते येत होते.